वास नसलेला धूर

१

अमरावतीत अंबागेटच्या आत हरिहरशास्त्र्यांचं घर होतं आणि त्या घराच्या ओसरीवर रोज सकाळी एक डोंगर पेटायचा. खराखुरा नव्हे, न्यायशास्त्रातला. "डोंगरावर धूर दिसतो आहे. तर मग?" असं शास्त्रीबुवांनी विचारायचं आणि समोरच्यानं म्हणायचं, "तर मग तिथं विस्तव आहे." तीस वर्षं हा पाठ चालला होता. शिकणारे काही वकील झाले, काही कथेकरी झाले, काही नुसतेच भांडखोर झाले, पण डोंगर काही विझला नाही.

शास्त्रीबुवांचा लौकिक मोठा. धर्माचा पेच पडला की तेल्हाऱ्यापासून शेंदूरजनाघाटापर्यंतची माणसं निर्णय मागायला त्यांच्याकडे यायची. ज्योतिषी म्हणतो 'बहुधा', वैद्य म्हणतो 'बघू या', पण हरिहरशास्त्री म्हणतात 'आहे' किंवा 'नाही', असं लोक कौतुकानं सांगत. 'मला माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. याचा त्यांना थोडा ताठाही होता. थोडा म्हणजे बराच.

एकोणीसशे तीस सालच्या थंडीत त्यांच्याकडे एकच विद्यार्थी उरला होता. शेषराव त्याचं नाव. मराठी शाळेतला चाळिशीचा मास्तर, शाळा भरण्याआधी तासभर येऊन बसायचा. त्या सकाळी डोंगर पेटवता पेटवता शास्त्रीबुवांची नजर परसात गेली. न्हाणीच्या कौलांवर धुराची पातळ रेघ उभी होती.

त्यांना बरंच वाटलं. उदाहरण चालत दारी आलं होतं.

"शेषराव, तिकडं पाहा. न्हाणीवर काय दिसतं?"

शेषरावानं मान वळवली. "धूर हाय जी."

"तर मग?"

"तर मंग तिथं विस्तव हाय."

"शाबास," असं म्हणता म्हणता शास्त्रीबुवांना आठवलं, की आज न्हाणीतली चूल पेटलीच नव्हती. सून अनसूया पहाटेच अंबादेवीच्या दर्शनाला गेली होती आणि ते स्वतः गार पाण्यानं आंघोळ करून, कुडकुडत पाठाला बसले होते.

ते उठून परसात गेले. चुलीतली राख गार होती. लाकडं कोपऱ्यात, जशीच्या तशी. धूर मात्र चुलीच्या वर हातभर अंतरावर लोंबत होता. एक झुळूक यायची, विरायची, थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक. शास्त्रीबुवांनी वाकून हुंगलं. धुराला वास नव्हता.

दव असेल, ते मनाशी म्हणाले. ओसरीवर येऊन बसले.

"हाय ना जी विस्तव?" शेषरावानं विचारलं.

"आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. खोटं बोलून पाठ पुढं नेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

२

घरात त्या दिवसांत दुसरंच एक प्रकरण चालू होतं.

शास्त्रीबुवांना एकच मुलगा, उद्धव. लहानपणी आंब्यावरून पडून त्याचं नाक मोडलं होतं, तेव्हापासून झोपेत त्याचा श्वास बारीक शीळ घातल्यासारखा वाजायचा. पोरगं हुशार, पण बापाच्या शास्त्रात त्याला गोडी नव्हती. लग्न झाल्यावर अकोल्याला कापसाच्या एका जिनात कारकुनी धरली आणि जागा मिळाली की अनसूयेला घेऊन जातो म्हणाला. ते साल अठराचं. दसऱ्याच्या सुमारास मानमोडीच्या तापाची साथ आली आणि घरंच्या घरं उठली. उद्धव राहत होता त्या घरातलं कुणी वाचलं नाही. पण त्याचं प्रेतही कुणी पाहिलं नाही, त्याला जाळताना पाहिलेला माणूसही भेटला नाही. एवढा धडधाकट माणूस, पण त्याचा पत्ताच लागला नाही.

बारा वर्षं झाली. शास्त्राचा नियम असा, की माणूस बारा वर्षं दिसला नाही, कळला नाही, तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, लोकरीच्या दोऱ्यानं बांधून वरून जवाच्या पिठानं लिंपायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग त्याचे दिवस करायचे आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसायचं, केस काढायचे.

शास्त्रीबुवांची पत्नी रमाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या त्या याच घोरात. "माझं पोर पाण्यावाचून भटकतंय. वेळ झाली की त्याचं करा," असं त्यांनी वचन घेतलं होतं. अकोल्याचा वकील पुतण्या कमलाकांत चार चार दिवसांनी पत्र पाठवी. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला उघडं राहिलेलं काही सोसत नसे. "काका, कायदा सात वर्षांत माणूस मेला समजतो. शास्त्र बारा घेतं. आपण दोन्ही ओलांडली. अग्नी मी देतो, निर्णय आपण द्या."

निर्णय शास्त्रीबुवांनी दिला होता. इतरांना दिला तसाच, एका ओळीत. तेल्हाऱ्याच्या एका गृहस्थाबाबत त्यांनी असाच निर्णय दिला होता आणि तीन वर्षांनी तो गृहस्थ बैलगाडीतून सुपारी कातरत घरी आला. मग त्याला तुपात बुडवून पुन्हा जन्माला घालावं लागलं, बारसं, मुंज, सगळं झालं आणि शेवटी त्याच्याच बायकोशी त्याचं लग्न लावलं. मांडवात लोक पोट धरून हसले. नवरीच्या डोक्यावर तेवढे दोन बोटं केस होते आणि ती हसली नव्हती.

अनसूयेला निर्णय सांगितला तेव्हा ती चुलीपुढं होती. चौतिशीची, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणारी.

"मार्गशीर्षातल्या अमावास्येला करायचं ठरतंय," शास्त्रीबुवा म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे का, मामंजी, ते गेले म्हणून?"

"बारा वर्षं झाली."

"ते मी मोजून राहिले. मी दुसरं विचारलं."

शास्त्रीबुवांना ते उद्धट वाटलं. बाईमाणसाचा वेडा विश्वास, दुसरं काय, असं मनात म्हणून ते बाहेर आले.

३

धूर दुसऱ्या दिवशीही आला आणि तिसऱ्या दिवशी परसातून घरात आला.

शास्त्रीबुवा मधल्या घरातून पोथी आणायला गेले तर खुंटीपाशी तो होता. त्या खुंटीला उद्धवचा जुना काळा कोट लटकत होता. रमाबाईंनी तो कुणाला हलवू दिला नव्हता, आणि त्यांच्यामागं कुणाची छाती झाली नव्हती. कोटाच्या गळ्याच्या थोडं वर, जिथं माणसाचं तोंड येईल तिथं, धूर उमटत होता आणि विरत होता. खोलीची खिडकी बंद होती. वारा म्हणावा तर वारा नव्हता. आणि कान दिला तर उंदरानं चिवचिवावं तसा काहीतरी बारीक आवाज येत होता.

शास्त्रीबुवा घाबरले नाहीत. म्हणजे निदान तसं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यांनी हात पुढं केला आणि धुरातून फिरवला. चटका नाही, ऊबही नाही. पण तळवा धोतराला पुसताना त्यांना जाणवलं, की तो ओलसर झाला आहे.

आता विचार करणं भाग होतं. मोतीबिंदू असेल? मग पोथीतली बारीक अक्षरं कशी दिसतात? भास असेल? पण भास आहे म्हणून आपल्याच डोळ्यांवर शंका घ्यायची, तर प्रत्यक्ष हे प्रमाणच गेलं, आणि ते गेलं तर त्याच्या खांद्यावर उभं असलेलं सगळं शास्त्रच भुईसपाट. तीस वर्षांचा डोंगर एका कोटानं पाडावा हे त्यांना सोसेना. बरं, पहिल्या दिवशी शेषरावानंही पाहिलाच होता की! साक्षीदार होता. त्या एका गोष्टीचा त्यांना मोठा आधार वाटला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी शेषरावाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी न्हाणीवर धूर कसा होता हो? काळा की पांढरा?"

शेषराव मान खाली घालून म्हणाला, "रागावू नका शास्त्रीबुवा. मले तं काई दिसलंच नवतं."

"मग हाय म्हणालात ते?"

"तुमी म्हनून राह्यले होते ना. तुमाले दिसते मंजे असनच. मी काहून नाई म्हनू?"

लोक आपल्या शब्दावर विश्वास ठेवतात, याचा शास्त्रीबुवांना आजवर अभिमान होता. त्या शब्दाच्या मागं कुणी डोळे उघडून पाहतच नाही, हे त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. तेल्हाऱ्याची ती दोन बोटं केसांची नवरी उगीचच डोळ्यांपुढं आली.

पाठ पुढं गेला. देवदत्ताचं जुनं उदाहरण होतं. देवदत्त जिवंत आहे. देवदत्त घरात नाही. तर मग देवदत्त बाहेर कुठंतरी आहे. लहान पोरालाही कळावं इतकं सोपं. शास्त्रीबुवांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि ते तिथंच थांबले.

"पुढं काय जी?" शेषरावानं विचारलं.

"पुढचं सोपं आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "पहिलंच कुठून आणायचं ते बघतो आहे." आणि त्यांनी पोथी बांधून ठेवली.

४

अमावास्येच्या आदल्या दिवशी कमलाकांत अकोल्याहून आला. भटजी आले, पळसाचे देठ आले. मधल्या घरात बसून दोघा भटजींनी पुतळा बांधला. मानेला दहा, छातीला वीस, असे देठ मोजून घेत होते आणि शास्त्रीबुवा दारात उभे राहून पाहत होते. पुतळा छोटाच होता, पण पीठ लिंपल्यावर त्याला खांदे आले. ते खांदे पाहून त्यांना तिथं उभं राहवेना.

त्यांच्या घराण्यात या विधीची एक वेगळी रीत होती. अग्नी देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यानं पुतळ्याच्या पायाशी उभं राहून, गेलेल्याचं नाव घेऊन 'तो गेला' असं तीनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की झालं. मग तो माणूस शास्त्रानं गेला, आणि कुणी काही म्हणो, त्याला परत बोलावता येत नाही.

अमावास्येला सकाळी नऊ साडेनऊला अंगणात चांगलं ऊन आलं होतं आणि पुतळा तिथं आणून ठेवला होता. ओसरीच्या पायरीशी चंद्रभान न्हावी वस्तऱ्यांची धोपटी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याकडं पाहायचं सगळेच टाळत होते आणि तोही कुणाकडं पाहत नव्हता. माजघराच्या दाराआड अनसूया उभी होती. तिनं कुंकू लावलं होतं, नेहमीपेक्षा ठसठशीत.

"काका, म्हणा," कमलाकांत हळूच म्हणाला.

शास्त्रीबुवा पुतळ्याच्या पायाशी उभे राहिले. आठ दिवस त्यांनी मनाला समजावलं होतं, की धूर म्हणजे रमेच्या जिवाची तगमग, विधी झाला की शांत होईल. नारळाच्या खाली, जिथं भटजींनी पिठानं ओठ काढले होते तिथं, त्यांना तो दिसला. पांढरा, पातळ. उमटला, विरला. उमटला, विरला.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बाकीचे सगळे पुतळ्याकडंच पाहत होते आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"उद्धव हरिहर. तो गेला," शास्त्रीबुवा म्हणाले.

धूर थांबला.

थांबला तो थांबलाच. शास्त्रीबुवांना वाटलं, सुटलो. मग फार वेळानं एक झुळूक आली, अर्धवट, तुटकी, आणि तिच्याबरोबर तो बारीक आवाज. उंदराचा नव्हता तो. मोडलेल्या नाकातून वाजणारी शीळ होती. रमा रात्र रात्र उशाशी बसून ऐकायची तीच. पण त्यांच्या तोंडाला पाठांतराची सवय होती आणि ते तोंड पुढं गेलंसुद्धा.

"उद्धव हरिहर. तो गेला."

आता शीळ घशात अडकल्यासारखी झाली. बुडत्या माणसानं पाण्यावर तोंड काढावं तशा दोन झुळका लागोपाठ आल्या. लिंपलेल्या पिठाला छातीपाशी एक भेग गेली, आणि ती भेग मिटली, आणि पुन्हा उघडली. शास्त्रीबुवांनी ते पाहिलं. नंतर कुणी कितीही विचारलं तरी, ते आपण पाहिलं एवढंच ते सांगत, काय होतं ते सांगत नसत.

आणि त्या क्षणी त्यांना लाज वाटली. भीतीच्याही आधी लाज. धुक्याला धूर म्हणू नका, वाफेला धूर म्हणू नका, हे ते पहिल्याच दिवशी शिकवत. पाहिला तेव्हापासून वास नव्हता, ऊब नव्हती, हात ओला झाला होता. हा धूर नव्हताच. थंडीच्या सकाळी माणसाच्या तोंडातून निघते ती वाफ होती. कुठंतरी, इथल्याहून थंड अशा ठिकाणी, कुणीतरी श्वास घेत होतं. आणि इथं अमरावतीत उन्हात उभं राहून त्यांनी एकेका शब्दानं तो श्वास बंद करत आणला होता. आपण जे माहीत आहे ते सांगतो आहोत, असं ते समजत होते. ते सांगत नव्हते, करत होते.

"काका, तिसऱ्यांदा," कमलाकांत म्हणाला.

पायरीवर चंद्रभानच्या धोपटीचं बक्कल वाजलं.

"मला," शास्त्रीबुवा म्हणाले आणि थांबले. "मला माहीत नाही."

"काय?"

"उद्धव गेला की आहे, मला माहीत नाही."

कमलाकांत गोरामोरा झाला. "अहो, निर्णय आपण दिलाय! तो जिवंत असल्याचा काही पुरावा आहे का?"

"नाही."

"मग?"

"गेल्याचाही नाही. बारा वर्षांचा नियम आहे, तो जगणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे. मी त्याला ज्ञान म्हणत आलो. चुकलो. तेल्हाऱ्यालाही चुकलो. पुतळा मोडा."

भटजी कुरकुरले. अर्धा झालेला विधी मोडायचा म्हणजे प्रायश्चित्त आहे म्हणाले. शास्त्रीबुवांनी प्रायश्चित्त कबूल केलं. वर 'मला माहीत नाही' असं आणखी एकदा म्हणून पाहिलं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं. आणि ते वाकून लोकरीचा दोरा स्वतःच्या हातानं सोडू लागले तेव्हा पिठाच्या ओठांपाशी एक लांब, सलग झुळूक उमटली. कामावरून आलेल्या माणसानं पाठ टेकावी आणि सुस्कारा टाकावा, तशी. मग ती विरली. त्यानंतर तो धूर त्या घरात कधीच दिसला नाही.

५

चंद्रभान अजून पायरीवरच होता.

"शास्त्रीबुवा, मी जाऊ का मंग?"

"जा बाबा. आणि पुन्हा या कामाला येऊ नकोस."

"मी कायले येतो! माह्यंबी मन नवतं," असं म्हणून तो धोपटी काखेत मारून जवळजवळ पळतच सुटला. अंबागेटपाशी त्याला कुणीतरी मोठ्यानं हसताना ऐकलं म्हणतात.

कमलाकांत रुसून दुपारच्या गाडीनं गेला. जाताना पाया मात्र पडला. दारातून वळून म्हणाला, "काका, खरं सांगू? मलाही अग्नी द्यायचा नव्हता. लहानपणी त्यानं मला सायकल शिकवली होती." आणि डोळे पुसत गेला.

त्या दिवशी शास्त्रीबुवांना आठ दिवसांची भूक लागली. भाकरी, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल घातलेली मिरचीची चटणी. अनसूया वाढत होती आणि ते मागत होते. अंगातून काहीतरी जड उतरून गेल्यासारखं त्यांना हलकं वाटत होतं. पोटभर जेवून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"सूनबाई, तुला दिसत होता का गं तो धूर?"

"कोणता धूर?"

त्यांनी सगळं सांगितलं. न्हाणी, कोट, शीळ, सगळं. शिळेचं ऐकताना तिनं पदर तोंडाला लावला.

"नाही, मामंजी," ती शेवटी म्हणाली. "मला कधीच काही दिसलं नाही."

"मग उद्धव आहे हे तुला कुठून माहीत होतं?"

"मला कुठं माहीत होतं?" तिला खरंच नवल वाटलं. "मी कधी म्हटलं का, आहेत म्हणून? गेले असं म्हणायला तयार नव्हते, एवढंच. तुमचा पाठ दारामागून इतकी वर्षं ऐकून राहिले. एखादी वस्तू नाही असं केव्हा म्हणायचं? तर असती तर दिसली असती, आणि दिसत नाही, तेव्हाच म्हणायचं. असंच ना?"

"असंच."

"मग आपल्या ओसरीवरून असं किती दिसतं, मामंजी?"

बारा वर्षं ज्याला शास्त्रीबुवा बाईमाणसाचा वेडा विश्वास म्हणत आले, तो विश्वास नव्हताच. त्या घरात न्यायशास्त्र कुणाला नीट कळलं असेल तर ते चुलीपुढं बसलेल्या या पोरीला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"उद्यापासून ओसरीवर येऊन बस," ते म्हणाले. "दारामागून अर्धंच ऐकू येत असेल."

"सगळं ऐकू येतं," अनसूया म्हणाली आणि हसली. त्या घरात बारा वर्षांत असं कुणी हसलं नव्हतं.